निळा पडदा : थांबणाऱ्या यंत्राचा इतिहास



वसंत ऋतूतल्या या व्यासपीठावरून राजे, संत, किल्ले आणि तह यांच्या इतिहासाविषयी आपण पुष्कळ ऐकले असेल. त्यापुढे माझा विषय अगदीच किरकोळ वाटण्याचा संभव आहे. घरातला संगणक चालता चालता एकाएकी थांबतो, सगळा पडदा निळा होतो, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरे उमटतात आणि जतन न केलेले काम जाते. आमच्या चारकोपमध्ये याला 'कॉम्प्युटर उडाला' असे म्हणतात. एकदा उडाला तर मनुष्य कपाळाला हात लावून पुन्हा बटण दाबतो. पण तो रोज उडू लागला, की घरात दोन प्रश्न उभे राहतात. पहिला, बिघाड कशात आहे? दुसरा, दोष कोणाचा? माझे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेल्यामुळे मला दुसऱ्या प्रश्नाची सवय अधिक. पण पहिल्याचे उत्तर सापडल्याशिवाय दुसऱ्याचे मिळत नाही, हेही मी त्याच शाळेत शिकलो.

यंत्राने आपण होऊन थांबावे ही कल्पना संगणकाहून फार जुनी आहे. गिरणीच्या साळखात्यात ज्यांनी उमेदवारी केली असेल त्यांना हे सांगावयास नको. मागावर बाणा तुटला आणि धोटा तसाच धावत राहिला, तर कापडात पोकळ पट्टा पडतो. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास लँकशायरमधील कारागिरांनी मागाला एक लहानसा काटा बसवला. बाणा जागेवर आहे तोवर तो काटा प्रत्येक फेरीला उचलला जातो. बाणा तुटला की उचलला जात नाही आणि माग उभा राहतो. पुढे ताण्यासाठीही अशीच युक्ती निघाली. प्रत्येक धाग्यावर एक पातळ पत्री टांगलेली, धागा तुटला की पत्री खाली पडते आणि माग थांबतो. जपानातील साकिची टोयोडा याने १९२४ साली जो स्वयंचलित माग तयार केला, त्याची कीर्ती वेगाइतकीच या थांबण्याच्या गुणावर उभी होती. याच घराण्याने पुढे मोटारींचा कारखाना काढला आणि दोष दिसताच काम थांबवण्याचे तत्त्व तेथेही नेले.

निळ्या पडद्याकडे या नजरेने पाहावे असे मला वाटते. लोक त्याला आजार समजतात. वस्तुतः तो पत्री खाली पडल्याचा आवाज आहे. संगणकाच्या गाभ्याला आपल्या हिशोबात अशी काही विसंगती आढळते, की पुढे चालू राहिल्यास डिस्कवरची चांगली कागदपत्रेही बिघडण्याची भीती असते. तेव्हा तो स्वतःला उभा करतो आणि जाता जाता कारण लिहून ठेवतो. त्या मजकुराचे इंग्रजी नावसुद्धा 'स्टॉप एरर' असेच आहे.

आता दोषाच्या प्रश्नाकडे वळू. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी अशी रीत होती, की कापड खराब निघाले तर ते विणकराच्याच गळ्यात मारावयाचे आणि त्याची किंमत पगारातून कापावयाची. सूत मुळात हलके होते काय, मागाचा पट्टा सैल होता काय, खात्यातली हवा कोरडी पडली होती काय, याची विचारपूस कोणी करीत नसे. १९३६ साली वेतन प्रदान कायदा झाला, तेव्हा त्यात एक महत्त्वाची अट घालण्यात आली. नुकसानीबद्दल कपात करावयाची तर ते नुकसान कामगाराच्या हयगयीने झालेले असले पाहिजे, आणि कपातीपूर्वी त्याला आपली बाजू मांडण्याची संधी मिळाली पाहिजे. तो कायदा पुढे २०१९ च्या वेतन संहितेत सामावला गेला, पण ही अट कायम राहिली. संगणकासमोर बसणाऱ्या माणसाला मात्र अशी संधी अजून क्वचितच मिळते. 'तू काहीतरी दाबले असशील' हा निकाल चौकशीआधीच लागलेला असतो.

मुंबईला संगणकाच्या बिघाडाची ओळख फार जुनी आहे. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली देशी बनावटीचा संगणक तयार झाला आणि १९६० साली तो रीतसर कामाला लागला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. स्मृती अवघ्या २,०४८ शब्दांची. नळी म्हणजे एक प्रकारचा दिवाच. तो आज ना उद्या जावयाचाच. असल्या यंत्राची सेवा करणारा माणूस 'बिघाड होईल काय' असे विचारीत नसे, 'आज कोठे होईल' असे विचारी. त्या काळी यंत्र चालवणारा आणि दुरुस्त करणारा एकाच खोलीत असत, आणि बिघाडाची लाज कोणालाच वाटत नसे. मला ती रीत अधिक निकोप वाटते.

पुढे अमेरिकेत एका पिढीने संगणकाचे मूळ व्यवस्थापन लिहिले, तेव्हा या बाबतीत दोन पंथ पडले. 'मल्टिक्स' नावाच्या व्यवस्थेच्या कर्त्यांनी चुकीतून सावरण्यासाठी ढीगभर सूचना लिहिल्या. 'युनिक्स'चा एक जनक डेनिस रिची याने ते सगळे टाळले. त्याच्याकडे 'पॅनिक' नावाची एक लहानशी प्रक्रिया होती. ती बोलावली गेली की यंत्र कोसळे आणि मग कोणीतरी ओरडून शेजारच्याला सांगावयाचे, की पुन्हा चालू कर. ही हकिकत मल्टिक्सवर काम केलेल्या टॉम व्हॅन व्हलेक याने सांगितली आहे. घाबरण्यातला प्रामाणिकपणा कधी कधी सावरण्याच्या सोंगापेक्षा बरा, असे मला त्यातून वाटले. पण प्रयोगशाळेत हाक मारावयाला शेजारी माणूस असतो, घरी नसतो.

घरी हाक मारावयाची ती पडद्याला, आणि तो पडदा निळा झाला याचा इतिहास मजेदार आहे. १९९२ च्या 'विंडोज ३.१' मध्ये एखादे काम अडले आणि तीन कळा एकदम दाबल्या तर निळा पडदा येत असे. त्यावरचा मजकूर स्टीव्ह बामर याने लिहिला होता. हा पुढे कंपनीचा मुख्य झाला. पण तो खरा थांबण्याचा पडदा नव्हता. तो आला जुलै १९९३ मध्ये, 'विंडोज एनटी' बरोबर, आणि तो लिहिणारा जॉन व्हर्ट नावाचा अभियंता होता. निळाच रंग का, याचे त्याने पुढे दिलेले कारण अगदी साधे आहे. त्याच्या हाताखालच्या यंत्रावर आणि ज्या साधनात तो सूचना लिहीत असे त्यातही, निळ्यावर पांढरी अक्षरे होती. तिसरा पडदा 'विंडोज ९५' चा. त्याचे अंतिम रूप रेमंड चेन याच्या हातचे. तिन्ही निळे, तिघांचे लेखक वेगळे आणि अर्थही वेगळे. कित्येक वर्षे लोकांनी या तिघांची सरमिसळ केली. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात बिल गेट्स यांच्या देखत, 'विंडोज ९८' ला स्कॅनर जोडताच निळा पडदा आला आणि सभागृहात हशा व टाळ्या उसळल्या. त्या दिवसापासून हा पडदा विनोदाचा विषय झाला. ज्याचे काम गेले त्याला हसू येत नाही, ही गोष्ट वेगळी.

स्कॅनर जोडताच का थांबला, यातच बहुतेक बिघाडांची मेख आहे. संगणकात दोन दर्जे असतात. आपले लिहिण्याचे, हिशोबाचे कार्यक्रम हे खात्यातले कामगार; त्यांच्यापैकी एक पडला तर बाकीचे चालू राहतात. पण गाभा हे इंजिनघर. तेथे ज्याच्या हाती किल्ली, त्याची चूक साऱ्या गिरणीला भोवते. छपाईयंत्र, स्कॅनर, चित्रपत्र यांना चालवणाऱ्या 'ड्रायव्हर' नावाच्या सूचना बाहेरच्या कंपन्या लिहितात आणि त्यांतल्या पुष्कळांना इंजिनघराची किल्ली द्यावी लागते. १९९६ च्या 'एनटी ४' मध्ये वेग वाढावा म्हणून चित्रांचे सगळे खातेच इंजिनघरात हलवले गेले. २००३ साली वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी नमूद केले, की 'विंडोज एक्सपी' च्या नोंदल्या गेलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के या ड्रायव्हरांमुळे होत. म्हणजे शंभरांतल्या पंचाऐंशी वेळा दोष कंत्राटदाराचा, आणि बोल घरच्या माणसाला.

उरलेल्यांत मोठा वाटा यंत्राच्या अवयवांचा, आणि त्यांतही स्मृतीचा. आजच्या संगणकाची चालू स्मृती म्हणजे कोट्यवधी सूक्ष्म भांडी. त्यांतला विद्युतभार सतत गळतो, म्हणून सेकंदाला कित्येक वेळा तो पुन्हा भरावा लागतो. एखादे भांडे फुटके निघाले तर एकाचे शून्य होते आणि कोणाला कळतही नाही. येथे एक गोष्ट मला मुद्दाम सांगावयाची आहे. १९८१ साली आयबीएमने जो घरगुती संगणक काढला, त्यात स्मृतीच्या दर आठ अंशांमागे एक नववा अंश पहाऱ्याला ठेवलेला होता. आठांची बेरीज सम की विषम, एवढेच तो पाही, आणि मेळ बसला नाही तर यंत्र थांबवी. नव्वदच्या दशकात स्पर्धा वाढली तेव्हा घरगुती यंत्रांतून या नवव्याला कमी करण्यात आले. आठ माणसांमागचा एक तपासनीस काढला म्हणजे मजुरी वाचते, हा हिशोब आम्हां गिरणगावच्या लोकांना अपरिचित नाही. मोठ्या बँकांच्या यंत्रांत मात्र त्याच्याहून हुशार तपासनीस आजही नोकरीवर आहे.

चारकोपचा येथे संबंध काय, असे आपण विचाराल. १९८५ साली जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला. त्यात म्हाडाने कांदिवलीच्या पश्चिमेस, खाडीकाठच्या सखल जमिनीवर, लहान लहान भूखंड पाडले. पाणी, गटार आणि रस्ता सरकारने द्यावयाचा, घर ज्याचे त्याने बांधावयाचे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात 'विंडोज'ची पहिली आवृत्ती निघाली. योगायोगच, पण दोन्ही अर्धवट बांधून लोकांच्या हाती दिलेल्या वस्तू होत्या, असे मी गमतीने म्हणतो. १९८२ च्या गिरणी संपानंतर मध्य मुंबईतून उठलेली पुष्कळ माणसे उपनगरांत आली. वडील मागावर, मुलगा रखवालदार किंवा रिक्षावर, आणि सून किंवा नात घरच्या संगणकावर, असा हा क्रम. तो संगणक बहुधा लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग जोडून केलेला असे. आमच्याकडे खाडीची खारी, दमट हवा; खिडकीतून येणारी बांधकामाची धूळ; दहा बाय बाराच्या खोलीत स्टोव्ह, टीव्ही आणि संगणक शेजारीशेजारी. पंख्यात धुळीचा बोळा बसतो, भाग तापतात, स्मृतीच्या पट्टीच्या सोनेरी दातांवर मळ चढतो. मेकॅनिक ते दात शाळेच्या खोडरबराने घासतो, आणि आश्चर्य म्हणजे पुष्कळदा यंत्र सुधारते. त्या सुमारास जगभर निकृष्ट कपॅसिटरांची साथही येऊन गेली. मदरबोर्डवरच्या त्या लहान नळकांड्यांची टोपणे फुगलेली दिसत, आणि यंत्र मन मानेल तेव्हा थांबे.

२००७ सालची एक हकिकत सांगतो. आमच्या सेक्टरातील एक भगिनी घरी बसून मराठी मजकूर जुळवण्याचे काम पानावर घेत असे. संगणक काम देणाऱ्याचा, वीज आणि जागा तिची. उन्हाळ्यात ते यंत्र दिवसातून दोनदोन तीनतीन वेळा थांबू लागले. काम देणाऱ्याने धाडलेल्या मेकॅनिकने तीन वेळा सगळे पुसून 'विंडोज' नव्याने चढवले. दर वेळचे पैसे तिच्या हिशोबात. शिवाय उशिराबद्दल कपात निराळी. कारण असे, की 'घरातली पोरे खेळ खेळतात, त्याने मशीन बिघडते'. ती माझ्याकडे आली ती संगणकाची तक्रार घेऊन नव्हे. तीन आठवड्यांची मजुरी जवळजवळ शून्यावर आली होती, ती तक्रार घेऊन.

मी तिला सांगितले, की वही घाला. मालकाशी बोलणी करावयाची तर तारीख, वेळ आणि साक्ष हवी. पण साक्षच मिळेना! कारण 'एक्सपी' मध्ये अशी सोय केलेली होती, की बिघाड होताच यंत्राने आपोआप पुन्हा सुरू व्हावे. पडदा निळा होई आणि वाचण्याआधीच नाहीसा होई. नोटीस लावावयाची आणि त्याच हाताने फाडावयाची, असा हा प्रकार. शेजारच्या सोसायटीतला महाविद्यालयात जाणारा एक मुलगा हे जाणत होता. त्याने संगणकाच्या गुणधर्मांच्या खिडकीत जाऊन आपोआप सुरू होण्यासमोरची खूण काढून टाकली. त्यानंतर पडदा उभा राहू लागला आणि वही भरू लागली. तारीख, वेळ, त्या वेळी काय काम चालू होते, पडद्यावरचा क्रमांक, आणि एखाद्या फाइलीचे नाव असेल तर तेही.

पंधरा दिवसांत दोन पाने झाली. त्यांवरून दोन गोष्टी उघड झाल्या. एक, यंत्र अकरा ते चारच्या दरम्यानही थांबत होते, आणि त्या वेळी मुले शाळेत असत. दुसरी, क्रमांक दर वेळी वेगळा. कधी पन्नास, कधी शून्य-ए, कधी एक-ए, कधी चार-ई. फाइलीचे नाव एकदा हे, एकदा ते, पुष्कळदा काहीच नाही. येथे त्या मुलाने जो नियम सांगितला तो मी पुढे कित्येकांना सांगितला आहे. दर वेळी तोच क्रमांक आणि तीच फाइल आली, तर संशय ड्रायव्हरवर. ती फाइल ज्या कंपनीची, तिची नवी किंवा जुनी आवृत्ती घालून पाहावी. क्रमांक रोज बदलत असतील, तर पायाच हलतो आहे असे समजावे. म्हणजे स्मृती, उष्णता किंवा वीजपुरवठा. आणि 'विंडोज' नव्याने चढवूनही जे थांबत नाही, त्याचे मूळ बहुधा 'विंडोज'मध्ये नसते. हे तर मेकॅनिकला पहिल्याच खेपेस सुचावयास हवे होते.

मग एक एक करून पाहिले. खोके उघडून धूळ झाडली, पंखा नीट फिरत होता. कपॅसिटरांची टोपणे सपाट. शेजाऱ्याचा वीजपुरवठ्याचा डबा दोन दिवस लावला, फरक नाही. तेव्हा स्मृती तपासणारा एक मोफत कार्यक्रम तबकडीवर घेऊन रात्रभर चालू ठेवला. हा कार्यक्रम 'विंडोज' सुरू होण्याआधीच चालतो, म्हणून 'विंडोज'वर आळ येत नाही. तो प्रत्येक भांड्यात ठरावीक आकृती भरतो आणि परत वाचून पाहतो. सकाळी पडद्यावर लाल ओळींची रांग लागली होती. पट्ट्या दोन होत्या. एक काढून दुसरी तपासली, मग उलट. मग खाचा बदलून पुन्हा, कारण दोष पट्टीचा की खाचेचा हेही ठरवावयाचे होते. एक पट्टी दोन्ही खाचांत नापास झाली, दुसरी दोन्हींत पास. नापास पट्टी बदलली आणि यंत्र मुकाट्याने चालू लागले.

वही आणि ती पट्टी घेऊन आम्ही काम देणाऱ्याकडे गेलो. मेकॅनिकचे पैसे त्याने परत केले. उशिराची कपात केली नाही परत. कायद्याचा आधार घ्यावा तर १९३६ चा कायदा कारखाने आणि आस्थापनांचा. घरी बसून पानामागे मजुरी घेणाऱ्या बाईला 'कामगार' म्हणून उभे करणे हीच पहिली लढाई. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ साली घरकामगारांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला, पण त्यावर भारताची मान्यता नाही. त्या भगिनीने पुढे दुसरीकडून काम घेतले.

आमच्या चळवळीचा संगणकाशी संबंध त्याआधीचा आहे आणि तो झगड्याचा आहे. साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळाने संगणक आणण्याचे ठरवले, तेव्हा कर्मचाऱ्यांनी कडवा विरोध केला. कलकत्त्याच्या इलाको हाउसवर त्यांनी पहारे बसवले. १९६९ मध्ये सरकारने स्वयंचलनाच्या प्रश्नावर समिती नेमली. तिचे अध्यक्ष आपले वि. म. दांडेकर होते आणि अहवाल १९७२ साली आला. बँकांत सप्टेंबर १९८३ च्या करारानंतर यंत्रे मोजूनमापून आली. आम्हांला उठता बसता टोमणे मारले जातात, की तुम्ही संगणकाला विरोध केला. केला, नोकऱ्यांची भीती खरी होती. परंतु माझे गाऱ्हाणे निराळे आहे. त्या सगळ्या वाटाघाटींत यंत्र किती यावीत आणि माणसे किती राहावीत यावर जेवढा खल झाला, त्याच्या पासंगालाही 'यंत्र थांबले तर त्या तासांची मजुरी कोणाच्या माथी' हा प्रश्न आला नाही. आज घरोघरी काम गेले आहे, आणि तो प्रश्न प्रत्येक घरात एकटा उभा आहे.

१९ जुलै २०२४ रोजी तो एकाच दिवशी साऱ्या जगापुढे आला. 'क्राउडस्ट्राइक' नावाच्या कंपनीची सुरक्षाप्रणाली इंजिनघरात बसलेली असते. आपल्याकडे सकाळचे साडेनऊ वाजून गेले होते, तेव्हा तिने एक लहानशी माहितीची फाइल सगळीकडे पाठवली. त्या माहितीचा नमुना २१ रकान्यांचा होता, आणि वाचणाऱ्या सूचनांकडे आलेले रकाने २० च. एकविसावा वाचावयास गेल्याबरोबर यंत्रे कोसळली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख. आपल्या देशात विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. फाइल तास-दीड तासात मागे घेतली गेली, तरी जी यंत्रे थांबली होती त्यांतली पुष्कळशी दुरून सुधारेनात. सुधारावयाची कशी? यंत्र सुरक्षित अवस्थेत सुरू करावयाचे, ती फाइल शोधून हाताने पुसावयाची, पुन्हा सुरू करावयाचे, आणि पुढच्या यंत्राकडे जावयाचे. हजारो कर्मचाऱ्यांनी ते काम शनिवार-रविवार बसून केले. गंमत अशी, की त्या दिवशी 'कर्मचाऱ्याने काहीतरी दाबले' असे म्हणण्याची सोय कोणालाच नव्हती.

पडद्याचे पुढे काय झाले? २०१२ च्या 'विंडोज ८' मध्ये क्रमांकांची रांग काढून तेथे एक उदास चेहरा बसवला गेला. २०१६ पासून भ्रमणध्वनीने टिपावयाची चौकट आली. या दोन्हींनी घरच्या माणसाला थोडा धीर दिला असेल, माहिती फारशी दिली नाही. २०२५ साली मायक्रोसॉफ्टने निळा रंगच रद्द केला. आताचा पडदा काळा आहे. उदास चेहरा गेला, चौकट गेली. खाली लहान अक्षरांत दोन ओळी मात्र असतात : थांबण्याचा संकेत, आणि कळले असेल तर ज्या फाइलीमुळे थांबले तिचे नाव. पडदा फार वेळ राहत नाही. वही आणि पेन्सिल शेजारीच ठेवावी लागते.